सातव्या चालीला होणारी मात : फुकटच्या प्याद्याची तक्रार आणि तिचे निवारण

नाशिकमधल्या आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत शनिवारी संध्याकाळी पार्किंगच्या मोकळ्या जागेत बुद्धिबळाचे सहा-सात पट मांडले जातात. गेल्या पावसाळ्यापासून त्या पटांवर एकच तक्रार पुन्हा पुन्हा येत आहे. पांढरी मोहरी घेऊन अगदी सरळ, शिकवल्याप्रमाणे डाव सुरू करणारा मुलगा चौथ्या चालीला एक प्यादे फुकट जिंकतो, पाचव्या चालीला वजीर आणि हत्ती या दोघांवर एकाच वेळी घोडा रोखतो, आणि सातव्या चालीला मात त्याच्याच राजाला झालेली असते. हरलेल्या मुलाला आपण नेमके कुठे चुकलो हे सांगता येत नाही, कारण त्याच्या हिशेबाने तो शेवटच्या चालीपर्यंत जिंकतच होता.

मी बुद्धिबळाचा प्रशिक्षक नाही. अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्स विभागात माझी बावीस वर्षे गेली असल्यामुळे कोणत्याही गोष्टीकडे ‘बिघाड’ म्हणून पाहण्याची सवय लागली आहे, आणि एकच यंत्र त्याच जागी तिसऱ्यांदा बंद पडले, तर फ्यूज बदलून निघून जायचे नसते, एवढे त्या नोकरीने शिकवले आहे. नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी २०२३ साली ग्रँड स्विस स्पर्धा जिंकून कँडिडेट्सला, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेला पोहोचला आणि पुढच्याच वर्षी बुडापेस्टच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होता, तेव्हापासून नाशिकमध्ये मुलांच्या दप्तरात गुंडाळीचा पट दिसणे नवलाचे राहिलेले नाही. मुले पुष्कळ खेळतात, मोबाइलवर त्याहून पुष्कळ खेळतात, आणि म्हणूनच हा सापळा एका मुलाकडून दुसऱ्याकडे सर्दीसारखा पसरतो.

तक्रारीचे स्वरूप

सापळा असा आहे. (घरांची नावे अशी : उभ्या ओळी पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याच्या बाजूने एक ते आठ.) पांढरा राजापुढचे प्यादे ई४ वर नेतो, काळा ई५ ने उत्तर देतो. पांढरा घोडा एफ३ वर येतो, काळा घोडा सी६ वर. तिसऱ्या चालीला पांढरा उंट सी४ वर येतो. इथपर्यंत ही जगभर खेळली जाणारी इटालियन सुरुवात आहे. आता काळ्याने उंट सी५ वर किंवा दुसरा घोडा एफ६ वर आणायचा, हा रिवाज. त्याऐवजी तो सी६ चाच घोडा उचलून डी४ वर ठेवतो. ही चाल पाहून अननुभवी खेळाडूला वाटते की समोरच्याचे लक्ष नाही, कारण ई५ च्या प्याद्याची राखण करणारा घोडाच तिथून निघून गेला आहे.

चौथी चाल : पांढरा घोडा ई५ चे प्यादे मारतो. काळा वजीर जी५ वर येतो. पाचवी चाल : पांढरा घोडा एफ७ चे प्यादे मारतो, तिथून वजीर आणि एच८ चा हत्ती दोन्ही त्याच्या टप्प्यात आहेत. काळा वजीर जी२ चे प्यादे मारतो. सहावी चाल : कोपऱ्यातला हत्ती वाचवण्यासाठी पांढरा तो एफ१ वर सरकवतो. काळा वजीर ई४ चे प्यादे मारून शह देतो. सातवी चाल : पांढरा उंट ई२ वर आडवा घालतो. काळा घोडा डी४ वरून एफ३ वर उडी घेतो आणि डाव संपतो. राजाच्या एका अंगाला स्वतःचाच वजीर, दुसऱ्या अंगाला स्वतःचाच हत्ती, पुढे स्वतःचीच प्यादी आणि उंट असल्यामुळे त्याला हलायला घर नाही. आणि ज्या उंटाने तो घोडा मारता आला असता, तो काळ्या वजिरासमोर जखडलेला असल्यामुळे, म्हणजे तो हलला तर मागचा राजा शहात येत असल्यामुळे, जागचा हलू शकत नाही.

सातव्या चालीला उंटाऐवजी वजीर ई२ वर घातला, तर मात टळते. पण डी४ चा घोडा तो वजीर मारतो आणि डावात फारसे काही उरत नाही. सहाव्या चालीला हत्ती न हलवता घोड्याने एच८ चा हत्ती मारून टाकला, तर काळा वजीर एच१ चा हत्ती मारून शह देतो. उंट एफ१ वर आला की ई४ चे प्यादे मारून पुन्हा शह देतो. उंट ई२ वर आला की घोडा सी२ चे प्यादे मारून तिसरा शह देतो. त्या घोड्याला वजिराने मारावे, तर काळा वजीर आपला वजीर मारतो, आणि राजा एफ१ वर पळवावा, तर वजीर एच१ वर येऊन मात करतो. मुलांनी या वाटा पटावर स्वतः मांडून पाहाव्यात असा माझा आग्रह असतो, कारण ‘सहाव्या चालीला दुसरे काहीतरी करायला हवे होते’ ही जी समजूत घेऊन मुले घरी जातात, ती तिथेच मोडते. सहाव्या चालीपर्यंत उशीर झालेला असतो.

या प्रकाराला ब्लॅकबर्न शिलिंग गॅम्बिट म्हणतात; गॅम्बिट म्हणजे पुढच्या फायद्यासाठी सुरुवातीलाच काहीतरी देऊ करणे. जोसेफ हेन्री ब्लॅकबर्न हा एकोणिसाव्या शतकातला नामांकित इंग्रज खेळाडू, ‘काळा मृत्यू’ या टोपणनावाने ओळखला जाणारा, पटाकडे न पाहता एकाच वेळी अनेकांशी खेळणारा. कॉफीच्या दुकानात आलेल्या हौशी गिऱ्हाइकांकडून एक शिलिंगची पैज जिंकण्यासाठी तो हा सापळा लावत असे, अशी आख्यायिका आहे. गमतीची गोष्ट अशी की ब्लॅकबर्नने ही चाल खेळलेला एकही डाव नोंदलेला सापडत नाही. सर्बियन ग्रँडमास्टर बोरिस्लाव्ह कोस्टिच याने मात्र १९१२ साली कोलोनमध्ये नेमका याच सात चालींत डाव जिंकल्याची नोंद आहे, म्हणून काही जण याला कोस्टिच गॅम्बिटही म्हणतात. आमच्याकडे शिलिंगच्या जागी कटिंग चहा आहे, आणि रविवारी सकाळची पैज असेल तर मिसळ. दर वाढला असला तरी व्यवहार तोच आहे.

बिघाड नेमका कुठे आहे

पहिल्यांदा ही तक्रार आली तेव्हा मीही वरवरचाच उपाय सांगितला : ‘घोडा डी४ वर आला की ई५ चे प्यादे मारायचे नाही.’ मुलांनी ते पाठ केले. दोन आठवड्यांनी, ती पहिली तक्रार घेऊन आलेला सातवीतला मुलगा दुसऱ्याच सुरुवातीत, दुसऱ्याच फुकटच्या प्याद्यापायी, नवव्या चालीच्या आत पुन्हा हरला. म्हणजे मी फ्यूज बदलला होता.

तेव्हा मी त्याच्या शेजारी बसून त्याचा पुढचा डाव नुसता पाहिला. काळा घोडा डी४ वर ठेवला गेला आणि समोरच्या मुलाचे बोट त्या घोड्यावरून उचलले जाते न जाते, तोच याचा उजवा हात पटावर पोहोचलेला होता. ई५ चे काळे प्यादे त्याने आधी उचलले, मग त्याच हाताने घोडा तिथे ठेवला, त्याच हाताने घड्याळ दाबले, आणि ते प्यादे मुठीत घेऊन तो बसला. मात झाली तेव्हाही ते मुठीतच होते. मूठ उघडून त्याने मला विचारले, “काका, हे फुकट होतं की नाही, तेवढं सांगा.”

या प्रश्नाचे खरे उत्तर शोधण्यासाठी पट पुन्हा तिसऱ्या चालीवर आणावा लागतो. पांढरा घोडा एफ३ वर उभा असताना त्याच्या टप्प्यात कोणकोणती घरे आहेत, ती बोटाने मोजावीत : ई५, डी४, एच४, जी५, ई१, जी१, आणि आपल्याच प्याद्यांची डी२ व एच२. यांपैकी जी५ हे घर महत्त्वाचे आहे. जोवर घोडा एफ३ वर आहे, तोवर काळा वजीर जी५ वर येऊच शकत नाही, कारण आला तर तो फुकट मारला जातो. पांढऱ्याच्या जी२ च्या प्याद्याला हात लावायचा, तर काळ्या वजिराला जी५ हाच सोयीचा रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर हा घोडा पहारा देत उभा आहे. घोडा ई५ वर गेला, एक प्यादे मिळाले, आणि पहारा उठला. डी४ च्या घोड्याने केलेले काम तेवढेच : पहारेकऱ्याला एका प्याद्याची लालूच दाखवून चौकीवरून हलवणे.

म्हणून त्या मुलाला मी दिलेले उत्तर असे होते की ते प्यादे फुकट नव्हते; त्याची किंमत जी५ हे घर होती, आणि ती त्याने न विचारता मोजली. ही गोष्ट एकदा लक्षात आली की पाचवी चालही निराळी दिसू लागते. एफ७ वर गेलेला घोडा वजीर आणि हत्ती दोघांवर रोखलेला आहे हे खरे, पण ज्या वजिरावर तो रोखलेला आहे, तो वजीर जागच्या जागी मार खाण्यासाठी थांबत नाही. तो जी२ मारून निघतो, आणि निघताना स्वतःच धमकी देतो. दुहेरी हल्ल्याचा आनंद इतका मोठा असतो की समोरच्याचीही चाल शिल्लक आहे, हे मूल साफ विसरते.

हा सापळा खोटा का, तेही येथेच सांगितले पाहिजे, नाहीतर मुलांच्या मनात त्याची भीती बसते. काळ्याने पहिल्या तीन चालींत एकच घोडा दोनदा हलवला आहे. त्याचे दोन्ही उंट, दुसरा घोडा आणि राजा घरीच आहेत. पांढऱ्याने काहीही मोठी चूक केली नाही, तर काळा एक पूर्ण चाल मागे पडतो आणि त्याला त्या बदल्यात काहीही मिळत नाही. आपल्याकडच्या जुन्या देशी पद्धतीच्या डावात, जो पंचवटीतल्या काही ओट्यांवर मी लहानपणी पाहिला आहे, प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाते; तिथे हा सापळा लावायला जागाच नव्हती, म्हणून आजोबांच्या पिढीला या तक्रारीचा पत्ता नसावा. त्या पिढीच्या तक्रारी वेगळ्या होत्या, त्या येथे नकोत.

चौथ्या चालीला काय करावे

डी४ वर आलेला घोडा सरळ मारावा, असे माझे मत आहे. चौथी चाल : पांढरा घोडा डी४ चा घोडा मारतो, काळे ई५ चे प्यादे डी४ वर येऊन तो मारते. आता पांढऱ्याचाही घोडा एफ३ वर नाही आणि जी५ ची चौकी रिकामीच आहे, हे चौकस मूल लगेच दाखवून देते, आणि ते बरोबर आहे. म्हणूनच पाचव्या चालीला आधी कॅसलिंग करावे, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला कडेला सुरक्षित न्यावे. राजा जी१ वर आला की जी२ च्या प्याद्याला कायमचा राखणदार मिळतो. त्यानंतरही काळ्याने हौसेने वजीर जी५ वर आणला, तर प्यादे डी३ वर ढकलावे. मागून सी१ चा उंट मोकळा होतो, वजिरावर रोखला जातो, आणि काळ्याला वजीर पुन्हा हलवण्यात आणखी एक चाल घालवावी लागते.

आता पटाकडे नीट पाहावे. काळ्याची डी स्तंभात एकामागे एक अशी दोन प्यादी झाली आहेत, त्यातले डी४ चे प्यादे पुढे एकटे पडले आहे, आणि काळ्याचे एकही मोहरे घराबाहेर नाही. पांढऱ्याचा उंट बाहेर आहे, राजा सुरक्षित आहे, पुढे डी३ आणि मग एफ४ किंवा सी३ अशी साधी योजना तयार आहे. डाव जिंकला, असे नव्हे. पण ज्याने सापळा लावला त्याच्याजवळ सापळ्यापलीकडे काही नाही, हे उघड झाले आहे.

या जागी मला सर्वांत आवडणारी वाट अशी. कॅसलिंगनंतर बरीच मुले काळ्याकडून सवयीने उंट सी५ वर ठेवतात, कारण डी४ च्या प्याद्याला आधार द्यावासा वाटतो. तेव्हा पांढऱ्याने सहाव्या चालीला उंटाने एफ७ चे प्यादे मारून शह द्यावा. राजाने उंट मारला की वजीर एच५ वर येऊन पुन्हा शह देतो, आणि त्याच आडव्या ओळीत सी५ चा उंट बिनआधाराचा उभा असतो. काळ्याने प्यादे जी६ वर घातले की वजीर सी५ चा उंट मारतो. हिशेब बरोबरीत आला, शिवाय एक प्यादे वर, आणि काळ्याचा राजा उघड्यावर. त्यानंतर काळ्याने डी६ ने वजिराला हुसकावले, तर वजीर डी४ चेही प्यादे मारतो आणि वर कोपऱ्यातल्या हत्तीवर रोखला जातो. सापळा लावणाराच सापडण्याचा हा प्रकार मुलांना एकदा दाखवला की पुढचा आठवडाभर दुसरे काही खेळायला ती तयार नसतात. ती लागणही मग निस्तरावी लागते, पण ती तक्रार सौम्य आहे.

ज्यांना मोहऱ्यांची अदलाबदल नको वाटते, त्यांनी चौथ्या चालीला सी३ ने डी४ च्या घोड्याला ढकलावे किंवा लगेच कॅसलिंग करावे. दोन्ही चाली चांगल्या आहेत. सी३ नंतर काळ्या घोड्याने एफ३ चा घोडा शह देऊन मारला की तो आपल्या वजिराने परत मारावा, जी प्याद्याने नव्हे. वजीर एफ३ वर आणि उंट सी४ वर, दोघांचा नेम एफ७ वर, अशी ती मांडणी होते, आणि काळ्याने बेसावधपणे डी६ खेळले तर वजीर एफ७ वर मात करतो. एका मुलीने हे पाहिल्यावर विचारले की हाही सापळाच नाही का. आहे, फरक इतकाच की समोरच्याने तो ओळखला, तरी आपले काही बिघडलेले नसते.

हात लागून गेला असेल तर

स्पर्धेत हात लावलेल्या मोहऱ्याचा नियम असतो, आणि या तक्रारीत तो फार महत्त्वाचा आहे. प्रतिस्पर्ध्याच्या मोहऱ्याला जाणूनबुजून स्पर्श केला, तर ते मारणे शक्य असल्यास मारावेच लागते. चौथ्या चालीला ई५ च्या प्याद्याला बोट लावले आणि मग आठवण झाली, तरी सुटका नाही, कारण ते प्यादे मारू शकणारे पांढऱ्याचे एकच मोहरे आहे, तो एफ३ चा घोडा. जिल्हा पातळीवरच्या एका स्पर्धेत आमच्याकडच्या एका मुलाचे नेमके हेच झाले. प्यादे उचलता उचलता त्याचा चेहरा पडला, त्याने ते परत ठेवले, समोरच्याने हात वर करून पंचांना बोलावले, आणि पुढचे सर्व नियमाप्रमाणे झाले.

अशा वेळी रडून चालत नाही, कारण डाव अजून हरलेला नसतो. वजीर जी५ वर आल्यावर पाचव्या चालीला एफ७ वर घोडा नेऊ नये. तिथे उंट न्यावा. उंट एफ७ चे प्यादे मारून शह देतो. त्याला ई५ च्या घोड्याचा आधार असल्यामुळे राजा तो मारू शकत नाही, आणि राजाला ई७ किंवा डी८ वर सरकावे लागते. समजा राजा ई७ वर गेला. सहाव्या चालीला कॅसलिंग करावे, म्हणजे जी२ सांभाळले जाते. काळा वजीर ई५ चा घोडा मारतो. सातव्या चालीला उंटाने जी८ चा घोडा मारावा, हत्ती तो उंट मारतो. आठव्या चालीला प्यादे सी३ वर ढकलावे. डी४ चा घोडा मागे हटला की नवव्या चालीला डी४ खेळून वजिरालाही हुसकावावे. पांढऱ्याचे एक मोहरे कमी झाले, त्याच्या बदल्यात दोन प्यादी मिळाली, मध्यभागी दोन प्यादी शेजारी शेजारी उभी राहिली, आणि काळ्याचा राजा पटाच्या मध्यावर अडकला, त्याला आता कॅसलिंग करता येणार नाही. मुलांच्या डावात हा व्यवहार पांढऱ्याला परवडतो, असा माझा अनुभव आहे. मोठ्यांशी खेळताना याची हमी मी देणार नाही.

ई५ वर गेलेला घोडा परत एफ३ वर ओढण्याचा मोहही टाळावा. काळा वजीर जी२ मारतो, एच१ च्या हत्तीवर रोखला जातो, डी४ चा घोडा एफ३ वर टपलेलाच असतो, आणि एक चूक दुरुस्त करताना तीन होतात.

काळ्या बाजूने येणारी तक्रार

हीच तक्रार उलट्या बाजूनेही येते, आणि ती बहुधा पालक घेऊन येतात. सिडकोतल्या एका गृहस्थांनी मला सांगितले की त्यांची मुलगी मोबाइलवर तीन मिनिटांच्या डावांत भराभर जिंकते, पण स्पर्धेत बसली की काळ्याकडून पहिल्याच दोन फेऱ्या हरते. मी तिचे चार-पाच डाव मांडून पाहिले. प्रत्येक डावात तिसऱ्या चालीला घोडा डी४ वर होता. तीन मिनिटांच्या डावात समोरच्याला विचार करायला वेळ नसतो, म्हणून सापळा लागतो; स्पर्धेत समोरचा मुलगा दहा मिनिटे पटाकडे पाहत बसतो, घोडा मारतो, कॅसलिंग करतो, आणि मग हिला पुढे काय करायचे ते माहीतच नसते, कारण मोबाइलवरचे तिचे डाव सातव्या चालीच्या पुढे क्वचितच गेलेले असतात.

यावर मी बंदी घातली नाही. बंदी घातलेली चाल मुले घरी जाऊन दुप्पट खेळतात. शनिवारच्या चहाच्या पैजेच्या डावांत ती खुशाल खेळावी आणि स्पर्धेत तिसऱ्या चालीला उंट सी५ किंवा घोडा एफ६ खेळावे, एवढीच अट घातली. तिला ते पटले नाही हे उघड दिसत होते, आणि तिची बाजू मला थोडी समजतही होती. घोडा एफ३ वर पडून सातव्या चालीला मात होते, तेव्हा ती इतकी देखणी दिसते की खोटी आहे म्हणून तिच्यावर रागावता येत नाही.

उपाय लागू पडला की नाही, ते कसे तपासावे

पाठांतराने तक्रार मिटत नाही, हे मी एकदा अनुभवल्यामुळे आता तपासणी निराळ्या डावावर करतो. त्यासाठी स्टॅफर्ड गॅम्बिट उपयोगी पडतो. पांढरा ई४, काळा ई५; पांढरा घोडा एफ३, काळा घोडा एफ६; पांढरा घोडा ई५ चे प्यादे मारतो, काळा घोडा सी६ वर येतो; पांढरा तो घोडा मारतो, काळा डी प्याद्याने परत मारतो; पांढरा डी३, काळा उंट सी५. येथे मुलाला विचारावे की सहावी चाल कोणती. सवयीने बहुतेक जण उंट जी५ वर नेऊन काळा घोडा वजिरासमोर जखडतात. मग काळा घोडा बिनदिक्कत ई४ चे प्यादे मारतो, पांढरा उंट आनंदाने डी८ चा वजीर मारतो, सी५ चा उंट एफ२ मारून शह देतो, राजाला ई२ शिवाय घर नसते, आणि दुसरा उंट जी४ वर येऊन मात करतो. वजीर मारला आणि डाव गेला. ज्या मुलाने सहाव्या चालीला हात आवरून उंट ई२ वर ठेवला, त्याची तक्रार मिटली असे समजावे, मग त्याला त्या गॅम्बिटचे नाव माहीत नसले तरी चालेल.

सरावासाठी मी दोन गोष्टी करून घेतो. पहिली : समोरच्याने चाल केल्यावर दोन्ही हात मांडीखाली ठेवून बसायचे, आणि काही मारायचे असेल तर मारणाऱ्या मोहऱ्याने आत्तापर्यंत कोणती घरे राखली होती, ती मोठ्याने म्हणायची. सुरुवातीला पार्किंगमध्ये पाढे म्हणावेत तसा गलका होतो आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू खिडकी लावून घेतात, पण महिनाभरात तो पुटपुटण्यावर येतो. दुसरी : सरावाच्या डावात मनातली चाल आधी वहीत लिहायची, दहापर्यंत मोजायचे, आणि मग खेळायची. ही दुसरी सवय फक्त सरावापुरतीच ठेवावी, हे पालकांना मुद्दाम सांगावे लागते. पूर्वी अनेक पुस्तकांत चाल आधी लिहिण्याचा सल्ला असे, पण फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, आताच्या नियमांनुसार खेळण्याआधी चाल लिहिता येत नाही, बरोबरीचा दावा करण्यासारखे अपवाद सोडून. घरी लागलेली सवय स्पर्धेत पंचांकडून समज मिळण्याला कारण होऊ नये.

मुठीत प्यादे धरून बसलेल्या मुलाची नोंदही माझ्या वहीत आहे. दिवाळीच्या सुटीनंतरच्या शनिवारी त्याची गाठ कॉलेज रोडहून आलेल्या एका मोठ्या मुलाशी पडली. तिसऱ्या चालीला घोडा डी४ वर आला. याचे दोन्ही हात मांडीखाली गेले, ओठ हलत राहिले, आणि समोरचा म्हणाला, “अरे, घे की प्यादं, फुकट आहे.” याने मान वर न करता विचारले, “आणि जी५ कोण राखणार, तू?” मग त्याने घोड्याने घोडा मारला आणि पुढच्या चालीला कॅसलिंग केले. डाव तो एकेचाळिसाव्या चालीला हरला, हत्ती-प्याद्यांच्या शेवटात, जिंकत असलेला. ती वेगळी तक्रार आहे आणि तिच्यासाठी वहीत नवे पान घातले आहे.